यंत्र चाललं पाहिजे: खटपट्या पोरांच्या विनोदी गोष्टींचा आढावा

बालसाहित्यात खोडकर मुलांना तोटा नाही. कैऱ्या पाडणारी, वर्गात मागच्या बाकावरून आवाज काढणारी, पाहुण्यांच्या चपला लपवणारी पोरं प्रत्येक भाषेत सापडतात. पण खोडी काढता काढता काहीतरी बनवायला निघालेली शाळकरी मुलं, त्यांनी घराघरातून पळवून आणलेलं सामान, त्यातून उभं राहिलेलं यंत्र आणि त्या यंत्रानं उडवून दिलेली दाणादाण, हा विनोदी गोष्टीचा अगदी वेगळा प्रकार आहे. गेल्या शंभर वर्षांत रशियात, अमेरिकेत, जपानमध्ये तो चांगला रुजला. मराठीत खोडकर नायक मोठे झाले, पण हातात पक्कड घेतलेला नायक क्वचितच दिसला. असं का झालं, आणि ज्या गोष्टी टिकल्या त्या कशाच्या जोरावर टिकल्या, हे पाहण्यासारखं आहे.

माझं मत आधीच सांगतो. या गोष्टींचं यश मुलाच्या वात्रटपणावर ठरत नाही. लेखकाला ते यंत्र कसं चालतं हे नीट ठाऊक आहे का, आणि ते कळण्याइतकी अक्कल मुलांना असते यावर त्याचा विश्वास आहे का, यावर ठरतं. यंत्र खरं असलं की गोंधळही खरा होतो. यंत्र नुसतं नावाला असलं की लेखकाला मुलं पाडावी लागतात, शेण अंगावर उडवावं लागतं, जाड्या मुलाला आणखी जाड करावं लागतं. मग हसू ओढून आणलेलं असतं.

या कसोटीवर सगळ्यात वर बसतो तो निकोलाय नोसोव्ह. किएव्हजवळ १९०८ मध्ये जन्मलेला हा लेखक आपल्याकडच्या काही वाचकांना सोव्हिएत पुस्तकांच्या स्वस्त इंग्रजी आवृत्त्यांतून भेटला असेल. मिश्का आणि कोल्या ही त्याची दोन पोरं. १९४९ च्या त्याच्या एका छोट्या कादंबरीत हे दोघे घरच्या घरी कोंबडीची पिल्लं उबवायचं ठरवतात. गोष्टीची सुरुवातच एका फसलेल्या शोधानं होते. पत्र्याच्या डब्याचं वाफेचं इंजिन करायला जातात, पाणी जास्त तापतं, डबा फुटतो आणि मिश्काचा हात भाजतो. तिथून गाडी वळते ती अंड्यांकडे.

आता कोंबडीचं अंडं उबायला एकवीस दिवस लागतात, अडतीस-एकोणचाळीस अंशांची ऊब सतत लागते, हवा दमट ठेवावी लागते, अंडी दिवसातून अनेकदा फिरवावी लागतात, नाहीतर आतला गर्भ कवचाला चिकटतो. खुडूक कोंबडी हे सगळं कुठेही न शिकता करते. या दोघांना मात्र खोकं, विजेचा दिवा आणि थर्मामीटर घेऊन करायचं आहे. दिवा आणि अंडी यांतलं अंतर कमी-जास्त करण्यासाठी ते शाळेची वह्या-पुस्तकं वापरतात. ऊब कमी पडली की एक वही सरकवायची, जास्त झाली की काढायची. तापमान उतरलं याचं एक प्रकरण, चढलं याचं दुसरं. वाचणारा मुलगा त्या पाऱ्याकडे श्वास रोखून बघत राहतो, आणि हसतही राहतो. कारण ज्या पुस्तकांचा अभ्यास व्हायला हवा ती दिव्याखाली कामाला लागलेली असतात आणि अभ्यासाची बोंब झालेली असते. रात्री कोण जागणार, शाळेच्या वेळेत कोण बघणार, यावरून रामायण घडतं. मिश्काची धाकटी बहीण मायका हिलासुद्धा एकदा पहाऱ्यावर बसवावं लागतं. शेवटी वर्गातली मित्रमंडळी पाळ्या लावून मदतीला येतात.

इथं एकही माणूस वेडगळ नाही. मुलं मन लावून काम करतात, मोठी माणसं आपापल्या कामात असतात, अंडी आपल्या वेळेनं उबतात. विनोद येतो तो या तिघांच्या वेळापत्रकांच्या टकरीतून. नोसोव्हनं लिहायला सुरुवात करण्याआधी आणि नंतरही अनेक वर्षं शैक्षणिक आणि तांत्रिक चित्रपट केले. युद्धाच्या काळात सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी त्यानं तांत्रिक चित्रपट दिग्दर्शित केले आणि १९४३ मध्ये त्याला ऑर्डर ऑफ द रेड स्टार मिळाला. यंत्राचा कुठला भाग कशासाठी आहे हे सैनिकाला समजेल असं दाखवण्याची सवय लागलेला माणूस पोरांसाठी लिहितो, तेव्हा प्रत्येक खिळा जागेवर असतो. त्याच्या दुसऱ्या एका गोष्टीत मिश्का नववर्षासाठी घरीच फुलबाजे बनवायला घेतो. एका गोष्टीत खेळण्यातला टेलिफोन विकत आणतो आणि आत काय आहे ते बघायला उघडून बसतो. प्रत्येक वेळी काय जमवलं, काय चुकलं, का चुकलं, हे वाचकाला कळतं. कळल्यामुळे हसू येतं.

अमेरिकेत या प्रकाराचा बहर चाळीस ते सत्तरच्या दशकांत होता. रॉबर्ट मॅक्लोस्की हा चित्रकार-लेखक लहानपणी विजेच्या जुन्या मोटर, मोडकी घड्याळं आणि तारा जमवायचा; घरातलं नाताळचं झाड त्यानं फिरतं केलं होतं आणि फ्यूज उडवले होते. त्यानं १९४३ मध्ये ‘होमर प्राइस’ लिहिलं. होमरच्या काकांना कामं वाचवणाऱ्या यंत्रांची भारी हौस. त्यांच्या खाणावळीत डोनट तळणारं नवं यंत्र येतं. होमर ते जोडतो, चालू करतो, आणि ते काही केल्या बंद होत नाही. एक एक डोनट तेलात पडतो, उलटतो, बाहेर येतो. शेवटी टेबलं, खुर्च्या, फळ्या सगळीकडे डोनटच डोनट. त्यातच पीठ मळून देणाऱ्या श्रीमंत बाईंचं हिऱ्याचं ब्रेसलेट सापडेनासं होतं. ते कुठल्या तरी डोनटमध्ये गेलंय हे उघड आहे. होमर पाटी लावतो: ज्याच्या डोनटमध्ये ब्रेसलेट सापडेल त्याला शंभर डॉलर. गावानं रांगा लावून जवळजवळ सगळे डोनट संपवले.

ही गोष्ट मला थोर वाटते ती तिच्या शेवटामुळे. यंत्र बिघडलं तर ते दुरुस्त करणं हा एक उपाय झाला. होमरनं यंत्राला हात न लावता माणसांच्या लोभाचंच यंत्र चालू केलं. शाळकरी मुलाला बाजार कसा चालतो याचा धडा इतक्या मजेत दुसऱ्या कुणी दिला असेल असं वाटत नाही.

बर्ट्रंड ब्रिन्ली यांची ‘मॅड सायंटिस्ट्स क्लब’ ही मालिका त्याच घराण्यातली. ब्रिन्ली अमेरिकी लष्करातले अधिकारी. हौशी अग्निबाणकारांसाठी त्यांनी १९६० मध्ये एक हस्तपुस्तिका लिहिली होती, तेव्हा पोरांच्या गोष्टींत तांत्रिक बाजू भक्कम असणारच. गावातली मुलं नावेवर जाळी आणि कापड चढवून तळ्यातला राक्षस उभा करतात, आणि बघायला अख्खा मुलूख लोटतो. गोष्टी चांगल्या आहेत. पण मुलं जवळजवळ कायम जिंकतात, त्यामुळे काही वेळानं ताण उतरतो.

यापेक्षा आज जास्त लक्ष द्यावं असं पुस्तक म्हणजे जे विल्यम्स आणि रेमंड अब्राश्किन यांच्या ‘डॅनी डन’ मालिकेतलं १९५८ चं पुस्तक, गृहपाठाच्या यंत्राचं. डॅनी ज्यांच्या घरी राहतो ते प्राध्यापक बुलफिंच ‘मिनिॲक’ नावाचा छोटा संगणक तयार करतात. छोटा म्हणजे त्या काळच्या मानानं. खोलीभर पसरलेल्या यंत्रांचे ते दिवस. प्राध्यापक परगावी जातात, आणि डॅनी, जो आणि आयरीन हे तिघं मिनिॲकला गृहपाठाला लावतात. गृहपाठ झटपट होतो, खेळायला वेळ मिळतो, वर्गातल्या एकाच्या पोटात दुखायला लागतं, बाईंच्या कानावर जातं. इथपर्यंत कुणीही लिहिलं असतं. गोष्टीची खरी कळ पुढे आहे. संगणकाला उत्तर काढता यावं म्हणून आधी त्याला सगळी माहिती भरवावी लागते, प्रश्न कसा सोडवायचा हे पायरी पायरीनं सांगावं लागतं. म्हणजे गृहपाठ टाळण्यासाठी या तिघांनी गृहपाठापेक्षा जास्त अभ्यास केलेला असतो. ते बाईंच्या लक्षात येतं, आणि मुलं हादरतात.

या मालिकेत आयरीनचं येणं महत्त्वाचं आहे. ती मुलांच्या टोळीतली शोभेची बाहुली नाही. तिला शास्त्रज्ञ व्हायचंय आणि तिला पदार्थविज्ञान कळतं. १९५८ साली हे सरसकट दिसणारं चित्र नव्हतं. नोसोव्हची मायका आणि ही आयरीन सोडल्या तर या सगळ्या परंपरेत मुली बहुतेक वेळा ‘आईला सांगेन’ म्हणणाऱ्या बहिणी म्हणूनच येतात. हा या प्रकाराचा मोठा दोष आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही.

गृहपाठाच्या यंत्राची ती कलाटणी मात्र आज चालणार नाही. आजच्या मुलाच्या हातातल्या फोनमधलं यंत्र काहीही न भरवता निबंध लिहून देतं. डॅनीला यंत्र शिकवताना स्वतः शिकावं लागलं. आजच्या मुलाला ती सक्ती राहिलेली नाही. त्यामुळे जुनी गोष्ट नवीन कपडे घालून परत सांगता येणार नाही. आजची गोष्ट शोधावी लागेल: यंत्रानं दिलेलं ठाम, चकचकीत आणि साफ चुकीचं उत्तर तीस मुलांनी एकसारखं उतरवलं तर वर्गात काय होईल? त्या तिसांतल्या एकीनं यंत्राला मुद्दाम चुकवायचा छंद घेतला तर? विनोदी लेखकाला इतकं सुपीक रान क्वचित मिळतं.

जपानकडे वळलं की आपल्या घरातला टीव्ही आठवतो, कारण डोरेमॉन आपल्या मुलांना हिंदी आवाजात पाठ आहे. फुजिको फुजिओ या नावानं १९६९ च्या अखेरीस सुरू झालेल्या या चित्रकथेत यंत्रं शेकड्यांनी आहेत. पण ती त्यातल्या नोबिता या मुलानं बनवलेली नाहीत. भविष्यातून आलेल्या मांजराच्या पोटावरच्या खिशातून ती निघतात. नोबिताची गंमत हव्यासात आहे. त्याच घरातली ‘किटेरेत्सू’ ही सत्तरच्या दशकातली मालिका माझ्या मते जास्त मोलाची. तिच्यातला शाळकरी मुलगा पूर्वजानं लिहून ठेवलेल्या ज्ञानकोशातून वस्तू स्वतः तयार करतो. जोडतो, फसतो, पुन्हा जोडतो. आपल्याकडे ती दाखवली गेली, पण डोरेमॉनच्या सावलीत राहिली. तयार वस्तू खिशातून काढून देणारी गोष्ट बनवण्याच्या गोष्टीला मागे टाकते, हे कार्टूनपुरतं खरं आहे आणि आपल्या खेळण्यांच्या दुकानांबाबतही खरं आहे.

बंगालीत सुकुमार राय यांनी ‘संदेश’ मासिकात लिहिलेला पागला दाशू हा शाळकरी खोडकरांचा राजा. दाशू यंत्र बनवत नाही, प्रसंग बनवतो. पण वर्गात फटाका कुठे, कधी वाजला पाहिजे याचं त्याचं गणित एखाद्या अभियंत्यासारखं पक्कं असतं. सुकुमार राय यांनी विलायतेत जाऊन छपाई आणि छायाचित्रणाच्या तंत्राचं शिक्षण घेतलं होतं, हे इथं सांगायला हवं. नोसोव्ह, मॅक्लोस्की, ब्रिन्ली, राय: चौघांचेही हात कधी ना कधी यंत्राला लागलेले आहेत. हा योगायोग मला वाटत नाही.

आता मराठी. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या हजरजबाबी आहे, स्वाभिमानी आहे, त्याच्या बोलण्यानं मोठी माणसं गप्प होतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात येतो, सायकलवर सुसाट सुटतो, ‘ट्टॉक’ करतो आणि चोरांच्या मागे लागतो. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे आकाशवाणीवरून घराघरात गेला. तो बंडखोर, पण मनानं स्वच्छ. तिघांवर मराठी मुलांनी जीव लावला आणि ते योग्यच होतं. पण तिघांची शस्त्रं बघा: जीभ, पाय आणि सद्भाव. हातानं काही घडवणं हा त्यांच्या गोष्टींचा कणा नाही. भागवतांनी तर ज्यूल व्हर्न मराठीत आणला, यंत्रांचं वेड त्यांना पुरेपूर होतं. तरी फेणेला त्यांनी साहसाचा रस्ता दिला, कारखान्याचा नाही.

दुसरीकडे विज्ञानकथा आली. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली, तिच्या १९७४ च्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांची पहिली कथा बक्षीसपात्र ठरली, आणि पुढे हा प्रवाह जोमानं वाहिला. पण तो मुख्यतः मोठ्यांसाठी आणि गंभीर राहिला. मुलांसाठी लिहिताना आपल्याकडे एक ठरावीक पात्र हमखास येतं: गावाबाहेरच्या बंगल्यात प्रयोगशाळा थाटलेले काका. यंत्र काकांचं, शोध काकांचा, स्पष्टीकरण काकांचं. मुलं ‘म्हणजे काय हो काका?’ एवढं विचारायला असतात. विज्ञान सांगण्याची घाई झाली की विनोद पळून जातो, कारण विनोदाला चुकायला जागा लागते आणि काका कधी चुकत नाहीत.

संस्काराचा भारही आहे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’नं १९३५ पासून मराठी घरांना दिलेलं धन मोठं आहे, त्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. पण त्यानंतर मुलांच्या प्रत्येक चुकीनंतर अश्रू आणि शहाणपण आलंच पाहिजे अशी संपादकांची आणि शिक्षकांची अपेक्षा तयार झाली. मिश्काचा हात भाजतो तेव्हा आई त्यावर मलम लावते आणि पोरगं दुसऱ्या उद्योगाला लागतं. आपल्याकडे त्या जागी दोन पानांचा पश्चात्ताप आला असता.

पडद्यावर मात्र मराठीनं हे करून दाखवलंय. परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त (२००९) खटपट्या माणूस मोठा आहे, पण त्याचं अख्खं घर, पोरांसकट, त्या उद्योगात ओढलं जातं, आणि मटाराच्या दाण्याचं रोप होईपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण करणारे दादासाहेब फाळके बघताना आपण हसतो आणि थक्कही होतो. मोकाशींच्याच ‘एलिझाबेथ एकादशी’त (२०१४) पंढरपूरचा ज्ञानेश न्यूटनला मानणारा आहे, आणि वडिलांनी स्वतः बनवलेली सायकल विकली जाऊ नये म्हणून ही पोरं ऐन एकादशीच्या गर्दीत दुकान मांडतात. त्या चित्रपटाला उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे माती आपल्याकडे आहे, प्रेक्षक आहे. पुस्तकांतच पीक कमी आहे.

सामानाचीही वाण नाही. अरविंद गुप्तांनी होशंगाबादच्या विज्ञानशिक्षणाच्या कामात सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून त्रिकोण-चौकोन उभे केले, पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत भंगारातून शेकडो खेळणी केली, ती कशी करायची हे फुकट सांगितलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शाळाशाळांत अटल टिंकरिंग लॅब आल्या. तरी बऱ्याच विज्ञान प्रदर्शनांत आजही थर्माकोलचा तोच ज्वालामुखी आणि तेच जलचक्र मांडलेलं असतं, कारण ‘प्रोजेक्ट’ स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतो. तिथं मूल चुकतच नाही, मग गोष्ट कुठून होणार?

गोष्ट होते ती दिवाळीच्या किल्ल्यावर. आपल्या गल्ल्यांमधली पोरं किल्ल्यापुढच्या तळ्यात कारंजं करतात ते आठवा. दवाखान्यातून मागून आणलेली सलाईनची बाटली आणि नळी, नळीच्या टोकाला बॉलपेनची रिकामी रिफिल. बाटली जमिनीवर ठेवली तर थेंब येत नाही. खिडकीच्या गजाला टांगली की पाणी उडायला लागतं. जिन्यावर नेली की आणखी वर उडतं. मग कुणीतरी गच्चीचा हट्ट धरतो, नळी पुरत नाही, दुसऱ्या नळीचा सांधा सुटतो, आणि नुकते उगवलेले आळीव, मातीचे मावळे, महाराजांसकट सगळा गड चिखलात जातो. शेजारच्या आजी ओरडतात. कारंज्याचा जोर बाटलीच्या उंचीवर ठरतो हा नियम त्या संध्याकाळी पोरांना कुणी न शिकवता कळतो, आणि सांधा सुताच्या दोऱ्यानं का आवळायचा हेही कळतं. हे नोसोव्हच्या दिव्याखालच्या वह्यांइतकंच अस्सल सामान आहे. बेअरिंगचा गाडा, काडेपेट्यांचा फोन, बिघडलेल्या मिक्सरची मोटर, संध्याकाळी व्होल्टेज उतरल्यावर मंद होणारा पंखा: सगळ्यात एकेक गोष्ट दडलेली आहे.

दिवाळी अंकांच्या संपादकांना म्हणून एक विनंती. बाल विभागासाठी लेखकांकडे ‘काहीतरी संस्कारक्षम’ मागण्याऐवजी यंदा एक फसलेलं आणि मग चाललेलं यंत्र मागा. लेखकांनी ते यंत्र आधी स्वतः घरी करून बघावं, मगच लिहावं. टोळीत एक मुलगी घ्यावी आणि पक्कड तिच्या हातात द्यावी. काकांना गावाला पाठवून द्यावं.